सहाव्या हिश्श्यानं सावकाश

मारिओच्या पहिल्या स्टेजमधला पहिला खड्डा डोळ्यांनी हेरावा लागत नाही, तो अंगठ्याला पाठ असतो. हिरवे पाइप एकामागून एक ओलांडायचे. चौथ्या पाइपनंतर हवेत न दिसणारा एक ठोकळा असतो, त्याला डोकं आपटलं की जादा लाईफ देणारा मश्रूम निघतो, आणि लगेच पुढं खड्डा. ही वाट मी आजही झोपेत चालेन. गेल्या मे महिन्यात पुण्याहून आलेल्या भाच्यानं होटगीच्या घरातल्या टीव्हीला आपला निन्टेन्डो स्विच जोडला, रिमोट माझ्या हातात दिला, आणि मी त्याच खड्ड्यात पडले. पुन्हा खेळले, पुन्हा पडले. "आत्या, तू उडी उशिरा मारतेस," तो म्हणाला. त्यानं बरोबर पाहिलं होतं. पण माझा हात विसरला नव्हता. तो अगदी नेमका चालत होता, फक्त दुसऱ्या तालावर.

हा ताल कुठला, ते समजून घ्यायला टीव्हीच्या पोटात शिरावं लागतं. निन्टेन्डोचं फॅमिली कॉम्प्युटर हे यंत्र जपानात १९८३ साली आलं, आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५च्या सप्टेंबरात. जपानचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवायचा. आपला टीव्ही पाल पद्धतीचा, तो ५० वेळा. त्या काळचे गेम वेळ घड्याळावर मोजत नसत, पडदा किती वेळा रंगला यावर मोजत. दर चित्रामागं मारिओ किती सरकणार, कासव किती पावलं टाकणार, कोजी कोंदोंच्या चालीतला पुढचा सूर कधी वाजणार, सगळं त्या मोजणीवर बांधलेलं. तोच जपानी गेम पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रात घातला की अख्खं मारिओचं राज्य सहाव्या हिश्श्यानं सावकाश चालायला लागतं. जपानी मुलाची दहा मिनिटं आमच्याकडं बारा मिनिटं पुरायची. संगीताचे सूर जवळपास तेच, चाल मात्र संथ. आम्हाला हे माहीत असायचं कारणच नव्हतं. आम्ही दुसरा मारिओ पाहिलाच नव्हता.

आमच्या घरी आलेलं यंत्र निन्टेन्डोचं नव्हतंच. तेव्हा भारतात घरोघरी पोचली ती त्याची नकली भावंडं. खोक्यांवर समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी नावं. त्याला आम्ही 'टीव्ही गेम' म्हणायचो, गेमच्या पेटीला 'कॅसेट' आणि हातातल्या बटणांना 'रिमोट'. कॅसेट बहुधा पिवळी, वर '९९९९९९९ इन १' असं छापलेलं. आत मोजून काही गेम, आणि यादीत खाली जावं तसे तेच गेम वेगळ्या स्टेजपासून किंवा वेगळ्या नावानं पुन्हा पुन्हा. ही फसवणूक आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. यादी खाली खाली जात राहायची यातच सुख होतं. टँक, रोड फायटर, सर्कस चार्ली, बॉम्बरमॅन, काँट्रा. कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची. फुंकरीतल्या ओलाव्यानं आतल्या पिना उलट गंजतात आणि कॅसेट चालू व्हायची ती पुन्हा नीट बसवल्यामुळं, हे खूप पुढं वाचलं. तरी ती फुंकर गेमचाच भाग होती.

होटगीचा मे म्हणजे घराबाहेर पाऊल टाकू नये असा. दुपारी ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही झालं की रेल्वे क्वार्टरमधली पोरं आमच्या पुढच्या खोलीत जमायची. निम्म्यांच्या घरी कानडी, निम्म्यांच्या घरी मराठी. त्यामुळं खेळणाऱ्याच्या कानात एकाच वेळी "मार की!" आणि "होडी, होडी!" पडायचं. मारिओत दोघांनी खेळायचं म्हणजे आळीपाळीनं. दादाचा मारिओ मेला की माझा लुइजी. दादा चांगला खेळायचा, म्हणून मला काँट्रा अधिक प्रिय. तिथं दोघं एकाच वेळी पडद्यावर. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोंनी 'ग्रॅडियस' गेमसाठी एक बटणांचा मंत्र घातला होता, वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए. तोच पुढं काँट्रात आला आणि तीनच्या जागी तीस लाईफ देऊ लागला. पण तिसऱ्या, धबधब्याच्या स्टेजला तीसही पुरायच्या नाहीत. तिथं वर चढत जायचं असतं. एक जण भराभर चढला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि मागं राहिलेला पडद्याच्या खालच्या काठाशी मरतो. सोबत्यासाठी थांबायचं असतं हे आम्हा बहीणभावांना शाळेनं शिकवलं असेलही, अंगात मुरवलं ते त्या धबधब्यानं. दादा थांबायला शिकला, आणि मी चढायला.

मग लाईट जायची. मारिओत कुठवर पोचलो ते साठवायची सोयच नव्हती. लाईट परत आली की पुन्हा पहिली स्टेज, पुन्हा ते पाइप, पुन्हा तो खड्डा. अख्खा गेम ४० किलोबाइटचा, आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोपेक्षा कितीतरी लहान. जागा वाचवायला बनवणाऱ्यांनी ढग आणि झुडूप एकाच चित्रातून काढले, फक्त रंग बदलला. एवढासा गेम सुट्टीभर पुरला तो या पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्यामुळं. वाट अंगठ्यात उतरली ती त्याचमुळं.

आता नव्या कन्सोलवर जुने गेम मागं नेता येतात. खड्ड्यात पडलात, बटण दाबा, काही क्षण उलटे धावतात आणि तुम्ही पुन्हा काठावर. हवं तिथं गेम साठवून ठेवता येतो. ज्याला दिवसाकाठी अर्धा तास मिळतो त्याला ही सोय द्यायलाच हवी, आणि भाच्याच्या वयाची मुलं तिच्यामुळं या गेमांचा शेवट तरी पाहतात. मी ती वापरत नाही. मला शेवट पाहायची घाई कधी नव्हती.

होटगीच्या माणसाला या सगळ्यात एक ओळखीची गोष्ट दिसते. आमचं जंक्शन मुंबई–चेन्नई मार्गावरचं. एक लाइन अक्कलकोट रोड, दुधनीकडं जाते, दुसरी इंडी रोड, विजयपूरवरून गदगला. ही गदगची लाइन एकोणिसाव्या शतकात टाकली ती मीटरगेजची. मोठ्या लाइनचे रूळ १,६७६ मिलिमीटर अंतरावर आणि हिचे १,००० मिलिमीटरवर. इकडचा डबा तिकडं जाऊ शकत नसे. होटगीला येऊन माणसानं उतरायचं, पोतं उतरवायचं, आणि दुसऱ्या गाडीत चढवायचं. पुढं गदगपर्यंत ब्रॉडगेज झालं आणि उतरणं-चढणं संपलं. गाव तेच, पोतं तेच, पण मीटरगेजच्या अरुंद डब्याचं हलणं मात्र कुठल्याच नव्या डब्यात बसून मिळत नाही. जुना गेम नव्या यंत्रावर येतो तेव्हा हेच होतं. कुणीतरी तो उतरवून पुन्हा चढवलेला असतो, किंवा नवं यंत्र आपल्या आत जुन्या यंत्राचे रूळ टाकतं. माल पोचतो. हलणं पोचेल याची खात्री नाही.

हलणं पोचवायचा प्रयत्न होतो, हे सांगायला हवं. २०१६ साली निन्टेन्डोनं ३० गेम आत भरलेलं छोटं यंत्र काढलं, २०१८पासून जुने गेम स्विचवर आले, २०१९ साली कोनामीनं काँट्राचा संग्रह काढला. यांत जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेघा पडद्यावर आणता येतात, चित्र रुंद पडद्यावर ओढून ताणण्याऐवजी मूळ ४:३ आकारात ठेवता येतं. काही गोष्टी मात्र जुन्या टीव्हीबरोबरच गेल्या. बदकं मारायची बंदूक घ्या. घोडा ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उजळायचा. बंदुकीतला डोळा तो उजेड टिपायचा. सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी थोडा वेळ घेतो. बंदूक बघते तेव्हा तिथं काहीच नसतं. सगळी बदकं अमर झाली.

सगळ्यात गंमत पहिल्या प्लेस्टेशनच्या छोट्या अवताराची. २०१८ साली तो आला तेव्हा त्यातल्या २० पैकी ९ गेमांची प्रत पाल पद्धतीची, म्हणजे संथ होती, आणि ६० वर वाढलेल्या देशांतल्या खेळाडूंनी त्यावर तक्रार केली. तक्रार रास्त होती. पण ५० वर वाढलेल्यांचंही एक बालपण असतं, ते कुणी कुठं मागायचं? जगभर जुन्या गेमांचं जतन चाललंय ते अधिकृत प्रतींचं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ साली दाखवलं की तिथं २०१०पूर्वी आलेल्या गेमांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत. ही अधिकृत गेमांची दशा. आमची तर मूळ प्रतच नक्कल होती. पिवळ्या कॅसेटीतली यादी कुठल्याच कंपनीच्या संग्रहात नाही, आणि कुठलीही कंपनी ती आणणार नाही.

मुस्तफाचंच बघा. सोलापुरात एसटी स्टँडाजवळच्या पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून दादा आणि त्याचे मित्र जो गेम खेळायचे, त्याला महाराष्ट्रभर सगळे 'मुस्तफा' म्हणत. पिवळी टोपी घातलेला, पळत येऊन लाथ घालणारा मुस्तफा सगळ्यांनाच हवा असायचा, म्हणून गेमचं नावही त्याचंच पडलं. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम, १९९३. मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिकवर बेतलेला आणि नावात एका मोटारीचा ब्रँड. परवान्यांचा हा गुंता असल्यानं तो आजवर कुठल्याच नव्या कन्सोलवर आलेला नाही. २०१८ साली कॅपकॉमनं आपले सात जुने मारामारीचे गेम एकत्र काढले, त्यात तो नव्हता. कॅपकॉमचाच 'द पनिशर' मार्व्हलच्या परवान्यात अडकला होता, तोही २०२४ साली सुटला. मुस्तफा अजून बाहेरच उभा आहे. ज्या गेमाला आमच्या पिढीनं सगळ्यात जास्त नाणी दिली, तो आज पैसे देऊनही मिळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

संथ मारिओ मात्र सापडला. जुनी यंत्रं संगणकावर जिवंत करणाऱ्या काही प्रोग्रॅममध्ये यंत्र निवडायचा पर्याय असतो. जपान-अमेरिका, युरोप आणि तिसरा 'डेंडी'. डेंडी ही १९९२ साली रशियात आलेली नकलीच. पण तिथल्या मुलांनी मोठं होऊन आपल्या नकलीचा वेग मोजला, तिच्या घड्याळाची नोंद केली, आणि आज तिचं नाव त्या यादीत आहे. भाच्याच्या लॅपटॉपवर मी डेंडी निवडलं. चाल ऐकू आली तेव्हाच कळलं. चौथा पाइप, ठोकळा, मश्रूम, आणि अंगठा खड्ड्यावरून अलगद पलीकडं. "हा स्लो आहे," भाचा म्हणाला, आणि त्याच्या अंगठ्यानं मारिओला वेळेआधी उडी मारायला लावून सरळ खड्ड्यात घातलं.

रशियन मुलांनी जे केलं ते आपल्याकडं करायला काय लागतं? पिवळ्या कॅसेटीत काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली चिप दडवलेली असते. तिच्यातला मजकूर संगणकावर उतरवून घेणारी छोटी यंत्रं मिळतात. सोलापूर, अक्कलकोट, इंडी, विजयपूर, या पट्ट्यातल्या माळ्यांवर असल्या कॅसेटी किती पडून असतील. कुठल्या खोक्यावर काय नाव होतं, यादीत काय होतं, पार्लरमध्ये कशाला काय म्हणत, हे सांगणारी माणसं अजून चाळिशी-पन्नाशीत आहेत. दादानं आमचं खोकं फेकलं नाही असं वहिनी म्हणते. पाऊस सुरू व्हायच्या आत ते माळ्यावरून उतरवायचं ठरलंय, आणि शिडी धरायला भाचा तयार आहे.