उशाशी वाचलेल्या कथा

कथा-कादंबऱ्यांचे वाचन हा रिकामपणाचा उद्योग आहे, असे मानणारी मंडळी आपल्यांत पूर्वीही होती आणि आजही आहेत. चरित्र वाचावे, प्रवासवर्णन वाचावे; पण जे मुळात घडलेच नाही त्यासाठी डोळे कशाला शिणवायचे, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. या सवालाला थोरामोठ्यांनी दिलेली उत्तरे आम्ही वाचली आहेत व ती आम्हांला पटलीही आहेत. परंतु आमचे स्वतःचे असे उत्तर आम्हांला सापडले ते २०२३ च्या पावसाळ्यात. त्या चार महिन्यांत आम्ही जी पुस्तके वाचली, ती एका फळीवर कोणी मुद्दाम मांडली नसती. एक इंग्रजी रहस्यकथा, तीन मराठी कादंबऱ्या, एक जपानी व एक रशियन कथा. शिवाय ती आम्ही मनात वाचली नाहीत, मोठ्याने वाचली. ऐकणारे होते आमचे थोरले बंधू. जव्हारकडच्या पाड्यांवर प्राथमिक शिक्षक म्हणून उभी हयात घालवलेले आमचे दादा त्या वर्षी अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी आपले म्हणणे आडपडदा न ठेवता सांगितले होते. दादांची दृष्टी अधू झाली होती, कान मात्र शाबूत होते.

आरंभ झाला तो अगाथा ख्रिस्तीबाईंच्या १९२६ सालच्या रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाने. आम्ही इंग्रजीतून पाहत मराठीत सांगत असू. रहस्यकथेविषयी आमच्या मनात फारसा आदर नव्हता. परंतु त्या खेड्यात निवृत्त होऊन भोपळे पिकवू पाहणारा तो बेल्जियन गुप्तहेर, आणि घराचा उंबरठा न ओलांडता गावच्या साऱ्या बातम्या गोळा करणारी डॉक्टरांची बहीण, यांनी दादांना पहिल्याच रात्री जिंकले. “अशी एक बाई प्रत्येक गावात असते,” ते म्हणाले, “आपल्या आळीतली कोण ते मी सांगत नाही.” खुनी कोण, हे आम्हीही येथे सांगणार नाही. शेवट ऐकून दादा बराच वेळ स्वतःशीच हसत होते. दुखण्यावाचून दुसऱ्या कशाचा तरी छडा लावण्यात त्या तीन रात्री गेल्या, हे रहस्यकथेचे ऋण आम्हांला मान्य केलेच पाहिजे.

व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’ आम्ही पूर्वी दोनदा वाचली होती. माणदेशातल्या धनगरवाडीवर आलेला तो कोवळा मास्तर, त्याला हाताशी धरणारा कारभारी, मेंढरांमागे जाणारी मुले, हे सारे आम्हांला एखाद्या सुंदर चित्रासारखे वाटत आले आहे. दादांना ते चित्र वाटले नाही. ते मधेच थांबवत आणि स्वतःच्या पहिल्या शाळेचे सांगू लागत. तिथे मेंढरे नव्हती, भाताची लावणी होती. पण आषाढात वर्ग ओस पडे तो तसाच. पुस्तक एका बाजूला राही व आम्ही ऐकणारे होऊन जात असू. साठ वर्षे आम्ही त्यांचे धाकटे बंधू आहोत, तथापि त्या पाड्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात ते रात्री एकटे रडत असत, हे आम्हांला माडगूळकरांमुळे कळले. कादंबरीच्या अखेरीस दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. ती पाने संपल्यावर दादा एवढेच म्हणाले, “माझा पाडा अजून आहे. शाळाही आहे.”

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान मोठा आहे. परंतु मानाचे पुस्तक आवडतेच असे नाही. तिच्यातली पात्रे बोलू लागली की प्रवचनाला उभी राहिल्यासारखी वाटतात. यमुना व तिचा पती विनायक प्रवासाला निघतात, वाटेत विधवांची दुर्दशा पाहतात, आणि पुढे यमुनेवरच ती वेळ येते. आम्ही पाने गाळण्याच्या बेतात होतो. दादांनाही डुलकी लागली होती. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींनी विचारले, “मग त्या यमुनेचं पुढं काय झालं?” त्या केव्हापासून तिथे उभ्या होत्या, ते आमच्या ध्यानात आले नव्हते. त्या दिवशी आम्ही उरलेले पुस्तक वहिनींसाठी वाचले. यमुनेला पुन्हा संसार लाभतो, हे ऐकून त्यांनी मान हलवली आणि दिवा लावायला गेल्या. त्यांना काय ऐकायचे होते ते आम्ही विचारले नाही. मात्र पदमनजींच्या मराठीविषयी नाक मुरडणे आम्ही त्या संध्याकाळपासून सोडून दिले आहे.

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही आमची स्वतःची लाडकी कादंबरी. युरोपातून मुंबईला परतणारा चक्रधर, नाझींच्या जाचातून सुटून पूर्वेकडे निघालेली ज्यू तरुणी हॅर्टा, आणि काही दिवसांच्या बोटीवरच्या सहवासात फुललेले त्यांचे प्रेम. पुस्तक १९३९ सालचे आहे. ज्यूंवर पुढे कोणता प्रलय कोसळणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असणे शक्य नव्हते. वाचणाऱ्याला मात्र ते प्रत्येक पानावर ठाऊक असते. त्यामुळे बोटीवरचे हसणेखिदळणेही आम्हांला ऐकवत नाही. दादांचे आमच्याशी जमले नाही. चक्रधराचा त्यांना राग आला. “एका मुलीनं फसवलं म्हणून दुसरीला अधांतरी ठेवायचं?” असे म्हणून ते भिंतीकडे वळले. आम्ही चक्रधराची बाजू हिरिरीने मांडली. त्याच्या मनातला कडवटपणा हेच त्याचे रणांगण, असेही म्हणून पाहिले. वाद दोन दिवस चालला. आजारी माणसाशी वाद घालू नये असे म्हणतात. पण त्या दोन दिवसांत दादा आम्हांला आजारी दिसले नाहीत.

शुसाकु एन्डो या जपानी कॅथलिक लेखकाची ‘सायलेन्स’ १९६६ सालची. सतराव्या शतकात येशूसंघाचा तरुण पोर्तुगीज धर्मगुरू रॉड्रिग्ज गोवा व मकाव या मार्गाने जपानला पोहोचतो. छळाखाली श्रद्धा सोडलेल्या आपल्या गुरूचा, फादर फरेरांचा, त्याला शोध घ्यायचा आहे. ख्रिस्ताची प्रतिमा पायाखाली तुडवा, नाहीतर मरा, असा तो काळ. कादंबरीचा शेवट भाविक वाचकाला अस्वस्थ करतो. जपानमधील कॅथलिकांतही त्यावर मोठा वाद झाला होता. आम्ही स्वतः ते पुस्तक मिटले तेव्हा आमच्याही मनात अढी होती. दादांचे लक्ष मात्र दुसरीकडेच होते. किचिजिरो नावाचा एक दुबळा माणूस त्या कथेत आहे. तो पुन्हा पुन्हा विश्वासघात करतो आणि पुन्हा पुन्हा फादरांकडे कुमसाराला येतो. फादर त्याला विटले आहेत. आम्हीही विटलो होतो. दादा म्हणाले, “परत येतो ना पण? शाळेतून पळणाऱ्या पोराला मी हेच बघायचो. परत येतो की नाही.” एवढ्या एका वाक्याने ती कादंबरी आमच्यापुरती निराळी झाली.

राहिली टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’. ती १८८६ सालची दीर्घकथा आम्ही मुद्दाम मागे ठेवली होती. मरणाऱ्या माणसाला मरणाची गोष्ट सांगावी काय? पण फळीवर काय उरले आहे ते दादांनी विचारले आणि नाव ऐकून म्हणाले, “तेच वाच.” पंचेचाळीस वर्षांचा न्यायाधीश. घराचे पडदे लावताना पडण्याचे निमित्त होते आणि दुखणे वाढत जाते. मृत्यूची बातमी कळताच सहकाऱ्यांच्या मनात प्रथम येते ते त्याच्या जागेवर कोणाला बढती मिळेल हे. परंतु त्याला सर्वांत जास्त छळते ते खोटे बोलणे. तू मरत नाहीस, नुसता आजारी आहेस, असे साऱ्यांनी धरून चालायचे. गेरासिम नावाचा तरुण खेडवळ नोकर तेवढा खोटे बोलत नाही. धन्याला आराम वाटतो म्हणून तो त्याचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन रात्र रात्र बसतो.

वाचताना आमचा आवाज दोनदा अडला. दादांनी घाई केली नाही. संपल्यावर ते म्हणाले, “मी लवकर बरा होणार असं सांगायला जे येतात, त्यांना चहा देऊन ओटीवरच बसव. तू आत ये.” त्या दिवसापासून आधी त्यांचे पाय दाबायचे आणि मग पुस्तक उघडायचे, असा परिपाठ पडला. पुढे त्यांनी जमिनीचे कागद, वहिनींची सोय, स्वतःच्या मिस्सेतली गाणी, सारे आमच्याशी मोकळेपणाने बोलून घेतले. मुलांनाही जवळ बोलावून सांगायचे ते सांगितले. ते गेले तेव्हा आमच्या घरात न बोललेले असे फारसे काही उरले नव्हते.

वाचकहो, या सहांपैकी श्रेष्ठ कोणते, असे कोणी विचारले तर आम्हांला उत्तर देववणार नाही. टॉलस्टॉय थोर खरा; पण पहिल्याच रात्री तो उघडला असता तर दादा कदाचित भिंतीकडे वळले असते. हसवणाऱ्या रहस्यकथेने दार उघडले, माडगूळकरांनी आठवणी बोलत्या केल्या, बेडेकरांनी भांडण लावून दिले, पदमनजींनी दारातल्या माणसाला आत आणले, एन्डोंनी क्षमेकडे नेले. मग कुठे शेवटच्या पुस्तकाची पाळी आली. जे घडलेच नाही त्याच्या आडोशाने आपल्या घरात जे घडत असते ते बोलता येते, हा कथेचा उपयोग आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. तुमच्या ओळखीत कोणी आजारी असेल तर मोसंबी जरूर न्या. सोबत एक पुस्तकही न्या, आणि ते ठेवून येऊ नका, वाचून दाखवा.