पाऊल वाकडं... नाही, सरळ!

‘‘तीन आठवडे जपानला जाऊन तू नक्की शिकलीस तरी काय?’’ परत आल्यापासून हा प्रश्न मला प्रत्येकानं विचारलाय. माझं उत्तर ऐकून लोक हसतात. मी चालायला शिकले. सीरियसली!

झालं असं, की एका फीचरसाठी मी जपानी नोह नाटकाबद्दल वाचत होते. चौदाव्या शतकात कानामी आणि त्याचा मुलगा झेआमी यांनी घडवलेला हा प्रकार. आजही होतो, २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेला. मी कॉलेजात एकांकिका केलेली मुलगी! म्हटलं, अॅक्टिंग तर आपल्याला येतेच. साठवलेले पैसे काढले आणि क्योतोमधल्या एका समर कोर्सला नाव घातलं.

पहिल्याच दिवशी फुगा फुटला. पांढरे ‘ताबी’, म्हणजे अंगठा वेगळा असलेले मोजे, घातल्याशिवाय स्टेजवर पाय ठेवायचा नाही. डायलॉग नाहीत, एक्स्प्रेशन्स नाहीत. फक्त ‘कामाए’, म्हणजे उभं राहणं आणि ‘सुरिआशी’, म्हणजे चालणं. गुडघे किंचित वाकलेले, कंबर स्थिर, टाच जमिनीवरच. पाऊल घासत पुढे न्यायचं, शेवटी बोटं जराशी उचलायची, पुन्हा टेकवायची. डोकं वर-खाली झालं की संपलं! समोर आरसा नाही. ‘का?’ विचारायची सोय नाही. सेन्सेई करून दाखवणार, आपण त्यांच्या मागून करायचं.

नोहमध्ये मुखवटा घातलेल्या नटाला बारीक भोकांतून जेमतेम दिसतं. कोपऱ्यातला खांब बघून तो आपली जागा ओळखतो. बाकी पायाखालच्या लाकडाचाच काय तो भरवसा. स्टेज असतं जेमतेम सहा मीटर बाय सहा मीटर. पण ते सहा मीटर पार करताना माझ्या मांड्या थरथरायच्या.

पाचव्या दिवशी सेन्सेई बराच वेळ माझ्या पावलांकडे बघत राहिले. मग दुभाष्याकरवी म्हणाले, ‘‘तुला पोचायची घाई आहे.’’

आणि मला एकदम बाबा आठवला.

गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा पाय ओढत चालतो. बेडरूम ते गॅलरी, रोज चार फेऱ्या, फिजिओथेरपिस्टनं सांगितलेल्या. सोबतीला मी. म्हणजे एक हात त्याच्या दंडाला, दुसऱ्या हातात मोबाइल, डोक्यात डेडलाइन. ‘‘बाबा, पाय उचल ना! रोज काय सांगायचं?’’ तो काहीच बोलायचा नाही. मला वाटायचं, हा मनावरच घेत नाही.

इथे माझे दोन्ही पाय धडधाकट होते आणि तरी एकेका पावलाचा विचार करताना मी घामाघूम होत होते. मनावर घेणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. त्या रात्री फोन केला. सॉरी म्हणायचं होतं, पण ‘जेवलास का?’ एवढंच विचारून ठेवून दिला.

शेवटच्या दिवशी आमचं सादरीकरण होतं. मुखवटा नाही, भरजरी कपडे नाहीत, हातात फक्त पंखा. माझ्या वाट्याला ‘ओइमात्सु’मधला तुकडा आला. ओइमात्सु म्हणजे म्हातारा पाइन वृक्ष. मागच्या भिंतीवरही पाइनच रंगवलेला. सेन्सेई मागे बसून गात होते. एक वळण चुकले, पण घाई केली नाही.

आता घरी रोज चार फेऱ्या होतात. मोबाइल बेडरूममध्येच राहतो. बाबा त्याच्या पद्धतीनं पाय उचलायचा प्रयत्न करतो, मी शेजारून माझ्या पद्धतीनं घासत जाते. आई म्हणते, या घरात सरळ चालणारी मी एकटीच उरलेय!

परवा गॅलरीशी पोचलो तेव्हा बाबा थांबला. माझ्या पायांकडे बघितलं आणि सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाला, ‘‘टाच... उचलली गेली तुझी.’’

मग काय, आम्ही बेडरूमपासून पुन्हा सुरुवात केली.