वॉटरबॉक्सरची गळती

फोक्सवॅगनच्या टी-३ व्हॅनचे इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, नाकाशी असतो. १९७९ साली ही व्हॅन आली तेव्हा तिचे पेट्रोल इंजिन हवेवर थंड होत असे. १९८२ मध्ये पाण्यावर थंड होणारे १.९ लिटरचे ‘वॉटरबॉक्सर’ इंजिन आले, पुढे २.१ लिटरचे. तेव्हापासून कूलंट गाडीच्या पोटाखालच्या दोन लांब पाइपांतून मागे-पुढे फिरते. वेस्टफालियाने बांधलेल्या बऱ्याच कॅम्परमध्ये मागे दुसरा हिटरही असतो. एकूण सोळा-सतरा लिटर कूलंट आणि असंख्य जोड. त्यामुळे जिथे थेंब पडतो तिथेच गळती असेल, असे इथे सहसा होत नाही.

तपासाची सुरुवात दोन टाक्यांपासून होते. इंजिनाजवळची दाबाची टाकी नेहमी काठोकाठ भरलेली हवी. कमी-जास्त होते ती मागच्या नंबरप्लेटच्या झडपेआडच्या भरणीच्या टाकीतली पातळी. इंजिन थंड होताना कूलंट भरणीच्या टाकीतून परत ओढले जाते. ते ओढले गेले नाही, तर आधी दाबाच्या टाकीचे झाकण बदलून पाहावे. स्वस्तातली ही दुरुस्ती सोडून थेट हेडवर संशय घेणारे बरेच असतात.

त्यानंतर थंड इंजिनावर हातपंपाने सुमारे १ बार दाब देऊन थांबावे. काटा उतरू लागला की बॅटरी घेऊन गाडीखाली शिरावे आणि ओल वरच्या दिशेने शोधत जावे, कारण पाणी खाली वाहते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागेही फेकले जाते. वाळलेल्या कूलंटचा पांढरट खपला ओल्या थेंबापेक्षा खरी साक्ष देतो. काच आतून धुरकट होऊन गोडसर वास येत असेल, तर दोष पुढच्या हिटरमध्ये शोधावा. वॉटर पंपाच्या छिद्रातून पाझर असेल, तर पंपच बदलायचा. त्यात विचार करण्यासारखे काही नाही.

या इंजिनाची खरी बदनामी हेडच्या जोडामुळे झाली. सिलिंडरमधला दाब आतल्या बाजूच्या धातूच्या कड्या अडवतात. पाण्याच्या कप्प्याला बाहेरून मात्र एक रबरी गॅस्केट बंद करते. त्या रबराला टेकणारा ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग जुन्या किंवा चुकीच्या कूलंटने कुरतडला जातो, खड्डे पडतात आणि हेडखालच्या शिवणीतून पाणी पाझरू लागते. ज्वलनाशी या गॅस्केटचा संबंध नसल्याने इंजिन झकास चालत राहते. मालकाला वाटते, थोडेसेच तर गळते आहे. फक्त गॅस्केट बदलून हे भागत नाही. हेड उतरवून खड्डे वेल्डिंगने भरावे लागतात आणि पृष्ठभाग मशीनवर सपाट करून घ्यावा लागतो, किंवा हेडच नवे घ्यावे लागते. गंजलेले स्टड आणि सायलेन्सरचे बोल्ट काढताना तुटतात, हे खर्चात आधीच धरावे. गळती बुजवणारे द्रव किंवा पावडरी ओतणे हा यावर उपाय नव्हे. खड्डा तसाच राहतो आणि हिटरच्या बारीक नळ्या तुंबतात.

मधले लांब पाइप पुष्कळ गाड्यांत प्लॅस्टिकचे आहेत. उष्णतेने त्यांची टोके मऊ पडून आकसतात आणि क्लिप कितीही आवळली तरी गळती थांबत नाही. उलट जास्त आवळल्याने टोक आणखी दबते. पाइप बदलणे किंवा स्टेनलेस स्टीलचे बसवणे हाच मार्ग. रबरी होज एकेक बदलण्यापेक्षा सगळे एकदम बदललेले परवडतात, कारण त्यांचे वय सारखेच असते.

भरताना फॉस्फेट नसलेले कूलंट शुद्ध पाण्यात निम्मे-निम्मे मिसळावे. गाडीचे नाक उंच करून, इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या वरचा स्क्रू सैल करावा आणि बुडबुडे थांबून सलग धार लागेपर्यंत हवा जाऊ द्यावी. हवा अडकून राहिली तर दुरुस्ती चोख असूनही इंजिन तापते आणि दोष नव्या गॅस्केटला मिळतो. पुढे इंजिन दोन-तीनदा तापून थंड झाल्यावर भरणीच्या टाकीतली पातळी पाहावी. ती स्थिर असेल, तर गळती बंद झाली असे समजावे.