माणसं चांगली वाटतात

प्रिय मुक्ता,

परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, जाहिराती मी बघतच नाही, स्किप करते." आणि लगेच एका ऑनलाइन क्लासची इतकी तरफदारी केलीस, की वाटलं, कमिशनवर आहेस की काय! त्यांचा एक तरी तास बघितलास का, विचारलं, तर म्हणे, "नाही गं, पण माणसं चांगली वाटतात."

ही 'चांगली माणसं' तुला भेटली कुठे? तुझी लाडकी मालिका 'कोटा फॅक्टरी' आठव. २०१९ मध्ये टीव्हीएफने ती यूट्यूबवर आणली, तेव्हा प्रायोजक होती अनअकॅडमी. ते कृष्णधवल कोटा, खोलीतला एकटेपणा, वरच्या बॅचसाठीची धडपड, आणि पोरांच्या पाठीशी उभा राहणारा जितूभैया. गंमत बघ, कोट्यातल्या क्लासांचा जाच दाखवणाऱ्या गोष्टीचे पैसे मोबाइलवर शिकवणाऱ्या कंपनीने मोजले! तिला स्वतःची स्तुती करायची गरजच नव्हती. जितूभैयावरची माया आपसूक तिच्या खात्यात जमा. २०२१ मध्ये 'ॲस्पिरंट्स'लाही प्रायोजक तोच. तिथे यूपीएससीची पोरं आणि दिल्लीचं राजेंद्रनगर. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या तुम्हाला ते परकं कसं वाटेल?

१९८४ मध्ये आमच्या दूरदर्शनवरच्या 'हम लोग' मालिकेलाही मॅगीचा पैसा होताच. पण नूडल्स वेगळ्या आणि बडकीच्या लग्नाची काळजी वेगळी. जाहिरात लागली की आम्ही पाणी प्यायला उठायचो. तुम्हाला उठायला जागाच ठेवलेली नाही. 'ट्रिपलिंग' मालिकेतून टाटा टियागो गाडी काढली, तर प्रवासाला निघालेली ती तीन भावंडं जागची हलणार नाहीत.

"प्रायोजित आहे ते कळतं गं आम्हाला," म्हणशील. कळतंच, कुणी लपवतही नाही. फसवलं असतं तर राग तरी आला असता. इथे उलट उपकार वाटतात: एवढी चांगली मालिका फुकट दाखवली! डोकं उठवणारी जाहिरात तुम्ही पाच सेकंदांत हाकलता, उपकार करणारीला मात्र पाट मांडून बसवता.

मालिका उत्तमच आहेत, मीही जागून बघितल्या. पण चांगली पटकथा लिहवून घेणं वेगळं आणि राज्यव्यवस्था नीट शिकवणं वेगळं. तेव्हा फी भरण्याआधी त्या क्लासचे दोन-तीन तास बघ, गेल्या वर्षी तिथे शिकलेल्या कुणाला तरी गाठ, आणि मध्येच सोडलं तर पैसे किती परत मिळतात ते लेखी घे. पहिल्या हप्त्याचे मी पाठवते. आईला एवढ्यात सांगू नकोस.

तुझी,
मावशी