रोजची खुशाली

कागल तालुक्यातील बिद्री म्हटले, की दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आठवतो. शिक्षण-नोकरीसाठी बाहेर पडलेल्यांना मात्र आपले गाव रोज भेटते ते व्हॉट्सअ‍ॅपवर. पाऊस किती झाला, उसाला तोड आली का, नातवाला दात फुटले का, असे साधेच विषय असतात. पोस्टकार्डाच्या काळीही ‘इकडील सर्व क्षेम’ या शब्दांत नवे काही नसे. तरी ते वाचूनच घर निश्चिंत होई.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. परगावी असलेल्या मुलांना घर गाठता येईना. अशा वेळी ‘आम्ही सुखरूप’ हे दोन शब्दही मोठा आधार ठरतात.

म्हणून रोजच्या ‘सुप्रभात’ला निरर्थक म्हणू नये. एकट्या राहणाऱ्या वृद्धाची ती हजेरी असते. एखाद्या सकाळी ती लागली नाही, तर इतरांचे संदेश वाचून पुढे न जाता त्यांना फोन लावावा. तो उचलला गेला नाही, तर शेजाऱ्यांना घरी पाठवावे. त्या शेजाऱ्यांचा क्रमांक मात्र आजच मागून ठेवावा.