मंडईची रात्र आणि विजेची बंडी

दिवाळीत माहेरी जायचं म्हटलं की आपल्यापैकी कोणाचा जीव हलका होत नाही? पण ज्या घरी जायचं ते घरच उरलं नसेल तर?

आमच्या सासूबाईंचं तसंच झालं होतं. त्यांचं माहेर नागभीड तालुक्यातलं एक लहानसं खेडं. आधी भाऊ गेले, मग एका पावसाळ्यात मातीचं जुनं घर बसलं. भाच्याने त्याच आवारात एका कडेला दोन खोल्या बांधल्या. तेव्हापासून सासूबाई सकाळी जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. मुक्कामाचा विषय काढला की म्हणायच्या, "लेकराच्या दोन खोल्यांत आपण काहून गर्दी करावं?"

त्यातून त्यांना जायचं असे ते मंडईला. भाऊबीजेपासून आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा जंगलाचा आणि धानाचा मुलूख. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा दुकानं, मिठाई, पाळणे. आणि रात्री नाटक, तेही थेट पहाटेपर्यंत चालणारं! नाटक मंडळ्यांचं मोठं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. मंडई ज्या गावची, त्या गावात घरोघरी पाहुणे. माजघरापासून ओसरीपर्यंत माणसं निजलेली. मग दोन खोल्यांच्या घरात आम्ही तिघं कुठे मावणार?

यंदा ह्यांनीच तोड काढली. कर्ज काढून घेतलेली विजेवर चालणारी गाडी दारात उभी होती. हे म्हणाले, "गाडीतच झोपू. लोक हौसेने झोपतात."

खरं सांगते, मीच आधी नाही म्हटलं. बंद गाडीत एसी लावून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, अशा बातम्या आपण वाचलेल्या असतात. पण शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी नीट समजावलं. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत एसी चालवायला इंजिन चालू ठेवावं लागतं आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की जो घात होतो, तोच हा. विजेच्या गाडीत इंजिनच नाही, तर धूर कुठला? तिचा पंखा, एसी, हीटर सारं मोठ्या बॅटरीवर चालतं. माझी भीती तिथेच निम्मी झाली. उरलेली निम्मी घालवायला आम्ही एक रात्र घराच्या फाटकाशी गाडी लावून झोपून पाहिलं. शेजारच्या वहिनींना वाटलं, आमचं भांडण झालं!

ती तालीम फार उपयोगी पडली. मागची सीट पाडली तरी जागा सपाट होत नाही, मध्ये खळगा राहतो, हे तेव्हाच कळलं. तिथे दोन घोंगड्यांच्या वळकट्या बसवल्या, वर पातळ गादी आणि गोधडी घातली. जुन्या मच्छरदाणीच्या, उशीच्या अभ्र्यासारख्या दोन खोळी शिवल्या आणि मागच्या दारांवर वरून चढवल्या. त्यामुळे काच चार बोटं उघडी ठेवली तरी डास आत येत नाहीत. या जंगलपट्टीत हिवतापाचा त्रास जुना आहे, तेव्हा मच्छरदाणीला पर्याय नाही. मात्र डासांची कॉइल गाडीत मुळीच लावू नका. धूर तो धूरच.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नागपूरहून निघालो. उमरेड आणि मिरचीसाठी नावाजलेलं भिवापूर मागे टाकून नागभीड. सासूबाईंचा जन्म या वाटेवरच्या छोट्या रेल्वेत गेला. नागपूर-नागभीड ही अरुंद रुळांची गाडी २०१९ साली रुंद रुळांच्या कामासाठी बंद झाली, तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारख्या त्या गप्प बसल्या होत्या.

वाटेतलं एक चार्जिंग स्टेशन बंद निघालं आणि ह्यांचा चेहरा उतरला. गाडीची बॅटरी चाळीस युनिटची. हे युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलावरचंच, बरं का! गावी पोचलो तेव्हा बॅटरीत साठ टक्के उरले होते. परत जायला चाळीस तरी हवेत. म्हणजे रात्रीसाठी हिशेबाने वीस टक्के, आठ युनिट. महिनाअखेरीला दूध-भाजीचा हिशेब करणारीला हे गणित काही अवघड नव्हतं.

अवघड होतं ते वेगळंच. गाडीत झोपणार म्हटल्यावर भाचेसुनेचे डोळे भरले. "आत्याबाई, आमच्या घरी जागा नाही म्हणून लोक काय म्हणतील?" तिचं चुकत नव्हतं. पाहुणा दाराबाहेर निजला तर बोल घरच्या बाईलाच लागतो. हे आम्ही कोणी लक्षातच घेतलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. म्हणाल्या, "जेवण तुझ्या चुलीवरचं, आंघोळ तुझ्या मोरीत. फक्त पाठ टेकाची आमच्या बंडीत. आम्ही पोरी होतो तव्हा मंडईला बंडीतच निजत होतो ना वं?" मग त्यांनी सांगितलं, बंडीत तणस अंथरून, वर वाकळ टाकून सारी भावंडं कशी निजायची आणि बैलांच्या घुंगरांनी मध्येच कशी जाग यायची. भाचेसून ऐकता ऐकता हसली आणि स्वतःच्या पेटीतली नवी चादर काढून गाडीत अंथरून आली.

रात्री पानात वाफाळता एचएमटीचा भात होता. हा तांदूळ याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने शोधला. शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं जपून त्यांनी हे वाण तयार केलं आणि त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव मिळालं. दादाजी २०१८ साली गेले. आपल्या डब्यातला तांदूळ कुठून आला, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असतं?

नाटक पाहून आम्ही एकच्या सुमाराला परतलो. गाडी भाच्याच्या आवारात, भिंतीला लागून, दिव्याच्या उजेडात होती. हे मुद्दाम सांगते, कारण तळ्याकाठी, जंगलाकडेला गाडी लावायचा मोह होतो. इथे तसं करू नये. जवळच घोडाझरीचा सुंदर तलाव आहे, २०१८ साली तिथे अभयारण्य झालं. आणि हा सारा ब्रह्मपुरी वनविभाग वाघांचा आहे. वाघ धानाच्या बांधावरून जातो. रात्री उठायचं झालं तर घरातल्या संडासापर्यंतच, तेही सोबतीने आणि बॅटरी घेऊन, असं भाच्याने बजावलं होतं.

हे पुढची सीट मागे पाडून झोपले, मागे आम्ही सासूसुना. बाहेर कार्तिकाची थंडी. हीटर मंद ठेवला. लांबून नाटकातलं गाणं ऐकू येत होतं. मला वाटलं सासूबाई झोपल्या. पण त्या काचेतून पडक्या घराच्या जोत्याकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "तिथं माह्या मायची चूल होती." मी काही बोलले नाही. त्यांच्या अंगावरची गोधडी नीट केली, एवढंच.

सकाळी बॅटरीत बावन्न टक्के होते. आठ टक्के, म्हणजे तीन-सव्वातीन युनिट गेले. उन्हाळ्यात एसी लागेल तर दुप्पट-तिप्पट धरून चाला.

तुम्हालाही असा मुक्काम करायचा असेल, तर एवढं सांभाळा. आधी घरी एक रात्र तालीम करा. काही गाड्यांत थोड्या वेळाने एसी आपोआप बंद होतो. तो चालू ठेवायची सोय आहे का, ते गाडीच्या पुस्तकात बघा. परतीचं अंतर आधी बाजूला काढा, मग उरलेल्यातून रात्र भागवा. गाडी सपाट जागी, ओळखीच्या आवारात लावा. स्वयंपाक गाडीत नको. आणि ज्यांच्या दारात राहणार, त्या घरच्या बाईशी आधी बोला. आमची चूक झाली, तुमची होऊ नये.

निघताना भाचेसुनेने सासूबाईंची ओटी भरली, पायलीभर तांदूळ बांधून दिला. गाडीत बसता बसता त्या म्हणाल्या, "पुढच्या मंडईला दोन राती राहू वं."

इतक्या वर्षांत माहेरच्या मुक्कामाबद्दल त्या पहिल्यांदाच आपणहून बोलल्या.