मालकीची खूण

वाहन ही माणसाच्या मालकीची अशी एक विलक्षण वस्तू आहे, की जिचे मोल घरातील बहुतेक जिनसांहून अधिक असूनही जी रात्रंदिवस उंबऱ्याबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाच्याही हाताच्या टप्प्यात उभी असते. दागिन्यांना तिजोरी असते, दस्तऐवजांना पेटी असते. परंतु सायकलीची घंटा, स्कूटरचे जादा चाक किंवा मोटारीचा आरसा यांना भोवतालच्या लोकांच्या सद्भावनेखेरीज दुसरे छप्पर नसते. सबंध वाहन पळवून नेण्यास धाडस लागते आणि ते लपविण्यास जागाही लागते. त्याचा एखादा बाह्य भाग उतरवून नेण्यास एक पाना आणि काही क्षणांचा एकांत पुरतो.

माझ्या बालपणीचे पुणे हे सायकलींचे शहर होते, आणि आमच्या घरातील एकमेव वाहन म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, काळी सायकल. तिच्यावर महानगरपालिकेच्या कराचा धातूचा बिल्ला होता, दांडीला अडकविलेला हवेचा पंप होता, आणि मागील टायरला घासून फिरणारा, बाटलीच्या आकाराचा सहा व्होल्टांचा डायनामो होता, ज्याच्यावाचून रात्री सायकलीवर बसणे म्हणजे कोपऱ्यावरील पोलीस शिपायाला आपण होऊन आमंत्रण देणे असे. पंप ते कचेरीत जाताना काढून हातात घेत. डायनामो मात्र प्रत्येक वेळी काढणे शक्य नसल्यामुळे त्याच्या बोल्टावर नट आवळून झाल्यानंतर उरलेले टोक त्यांनी हातोडीने चेचून घेतले होते, जेणेकरून तो नट नुसत्या पान्याने फिरू नये. एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. स्वयंपाकघरातील प्रत्येक तांब्यावर आणि पातेल्यावर जसे आईने नाव घालून घेतले होते, तशीच डायनामोच्या तळाशी, सहज न दिसेल अशा ठिकाणी, आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी एका कारागिराकडून पोलादी ठशांनी ठोकून घेतली, आणि ती कोठे आहेत याची नोंद खरेदीच्या पावतीच्या पाठीवर करून ठेवली.

तो डायनामो पुढे चोरीस गेलाच; चेचलेला बोल्ट चोराने कानशीने कापला होता. अण्णांनी रीतसर फिर्याद दिली. कित्येक महिन्यांनी चौकीवरून बोलावणे आले, तेव्हा मीही त्यांच्यासमवेत गेलो. एका गोणपाटावर डायनामो, दिवे आणि घंटा यांचा मोठा ढीग मांडला होता, आणि भोवती आपापली वस्तू ओळखू पाहणारे फिर्यादी उभे होते. ते दृश्य मी अद्याप विसरलेलो नाही. एकाच बनावटीचे, एकाच रंगाचे ते डायनामो पुनःपुन्हा हाती घेऊन माणसे खाली ठेवीत होती. आपली वस्तू याच ढिगात असावी अशी प्रत्येकाची खात्री होती, परंतु ती अमुकच, असे शपथेवर सांगण्याजोगे कोणापाशी काही नव्हते. अण्णांनी एकेक डायनामो उलटा करून पाहिला, आपली अक्षरे फौजदारांना दाखविली, पावती पुढे केली, पंचांच्या सह्या झाल्या, आणि यथाकाल न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाने तो मुद्देमाल आमच्या घरी परत आला. परतताना ते म्हणाले, "चोराला वस्तू नेण्यापासून मी अडवू शकलो नाही. पण ती त्याची आहे असं त्याला कोणापुढे म्हणता येऊ नये, एवढं तर माझ्या हाती होतं."

मधल्या त्या महिन्यांत बुधवारच्या किंवा रविवारच्या जुन्या बाजारातून निम्म्या किमतीचा डायनामो आणण्याचा सल्ला त्यांना अनेकांनी दिला होता. त्या बाजारात प्रामाणिकपणे मोडीचा व्यापार करणारे पुष्कळ आहेत हे ते जाणून होते. तथापि जी वस्तू कोठून आली हे विकणारा सांगू शकत नाही, ती विकत घ्यावयाची नाही, हा त्यांचा नियम अढळ राहिला आणि तितके दिवस ते संध्याकाळी सायकल हाती धरून घरी चालत आले.

मी नोकरीस लागलो तो काळ स्कूटरसाठी वर्षानुवर्षे क्रमांक लावून बसण्याचा होता. त्या काळच्या स्कूटरची पुढील, मागील आणि जादा अशी तिन्ही चाके एकाच मापाची असत, ही त्या यंत्राची मोठी सोय; कोणतेही चाक कोठेही बसे. परंतु जे चाक माझ्या स्कूटरला कोठेही बसे ते त्या बनावटीच्या दुसऱ्या कोणत्याही स्कूटरलाही बसे, आणि म्हणूनच पाठीमागे टांगलेली स्टेपनी हे चोराचे आवडते लक्ष्य ठरले. स्टेपनीच्या नटावर बसणारे लहानसे कुलूप मी घेतले, आणि चाकाच्या आतील बाजूस गाडीचा क्रमांक ठोकून घेतला. मोटार आली तेव्हा तिच्या काचांवर आणि आरशांवर क्रमांक कोरविला. चाकांच्या चार-चार नटांपैकी एकेक नट विशिष्ट किल्लीवाचून न फिरणारा बसवून घेतला. वायपर आणि चाकांच्या टोप्या आमच्या गल्लीत पुष्कळांच्या गेल्या. माझ्या कोरलेल्या आरशांना कोणी हात लावला नाही, कारण ज्याच्यावर परक्या गाडीचा क्रमांक आहे असा आरसा दुकानदार घेत नाही.

येथेच या साऱ्या प्रकरणाचे मर्म आहे, असे मला वाटते. चोराला आरसा नको असतो. त्याला आरशाचे पैसे हवे असतात, आणि ते पैसे देणारा दुसराच कोणी सभ्य गृहस्थ असतो. कायद्याने हे फार पूर्वी ओळखले होते. 1860 च्या भारतीय दंड संहितेत चोरीस, कलम 379 अन्वये, तीन वर्षांपर्यंत कारावास होता, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यास, कलम 411 अन्वये, तितकाच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, कलमांचे क्रमांक बदलले तरी, पहिल्या अपराधापुरती कमाल शिक्षेची ही बरोबरी राहिली आहे. चोर आणि ग्राहक यांना एकाच तराजूत तोलणारी ही तजवीज मला अत्यंत न्याय्य वाटते.

1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना आलेल्या उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीतही अण्णांचेच तत्त्व मला दिसते. तिच्यावर लेसरने कोरलेला स्वतंत्र संकेतांक असतो, आणि तिचे खिळे असे असतात की पट्टी उपटू गेल्यास ते तुटतात व पुन्हा लावता येत नाहीत.

मात्र अलीकडे या तत्त्वाचा पराभव करणारी एक चोरी उद्भवली आहे. आमच्या इमारतीत शाळेच्या मुलांची ने-आण करणारे एक गृहस्थ राहतात. त्यांच्या व्हॅनचा सायलेन्सर एका रात्री खालच्या खाली कापून नेला गेला. त्या सायलेन्सरमधील, धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरक डब्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ थर असतो. चोर तो डबा फोडतो, आतील जाळीदार चिनीमातीची भुकटी करतो आणि ती भुकटी विकतो. लोखंडावर नाव कोरले तरी भुकटीवर कोण कोरणार? पंचनामा झाला तरी ओळख पटविण्यास काही उरत नाही. गाडीच्या पोटाखाली लोखंडी सळ्यांची जाळी बसवून घेणे आणि ती भिंतीलगत, उजेडात उभी करणे, एवढेच त्या गृहस्थांच्या हाती राहिले आणि ते त्यांनी केले. दरम्यान कित्येक दिवस त्यांची कमाई बुडाली आणि पालकांची धावपळ झाली ती वेगळीच.

जेथे वस्तूवर खूण टिकत नाही तेथे ती विकत घेणाऱ्याच्या वहीत उमटली पाहिजे. ही भुकटी किंवा कापलेला डबा घेणाऱ्या प्रत्येक भंगार व्यापाऱ्याने विकणाऱ्याचे नाव, ओळखपत्र आणि ज्या गाडीचा तो भाग आहे तिचा क्रमांक लिहून ठेवावा, पैसे रोख न देता बँकेमार्फतच द्यावेत, आणि ती वही केव्हाही तपासण्याचा अधिकार पोलीस अंमलदारास असावा, असा अर्ज आम्ही इमारतीतील रहिवाशांनी लिहिला आहे. त्यावर पहिली सही त्या व्हॅनवाल्या गृहस्थांची आहे, दुसरी माझी. उरलेल्या सह्यांसाठी मी या रविवारी शेजारच्या इमारतींत जाणार आहे.